शनिवार तेल्यांना कोणाची भीती होती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रायगड जिल्ह्यातल्या सिनेगॉगांवर, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळांवर, आलेला सचित्र लेख लक्षपूर्वक वाचला. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आवोथ, रेवदंड्याचं बेथ एल, नवगावचा स्मृतिस्तंभ, हे सगळं आपल्या वाचकांपर्यंत पोचलं याचं समाधान वाटलं. मात्र लेखकाने जाता जाता एक मत मांडलं आहे की यहुदी धर्म हा मुळात आज्ञांचा आणि भयाचा धर्म, आणि संतांच्या भूमीत शतकानुशतकं राहूनही भक्तीचा ओलावा त्यात उतरला नाही. शेवटी असंही म्हटलं आहे की आता तिथे वास्तूच तेवढ्या उरल्या आहेत. लेखकाचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण ही दोन्ही मतं खरी नाहीत, आणि ती तशीच छापील राहिली तर पुढच्या पिढीला तीच खरी वाटतील, म्हणून हे पत्र.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. अलिबाग तालुक्यातच जन्मले, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. धर्मशास्त्राची पंडित नाही. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं आणि त्यांतल्या आज्ञा, मी जगत आले आहे, तेवढ्यावर लिहिते.

आमच्या घरी मुलाला बोलता येऊ लागलं की पहिली ओळ शिकवतात ती 'शेमा इस्राएल'ची. ऐक इस्राएल, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. त्याच्या लगेच पुढची आज्ञा आहे ती प्रीतीची. आपल्या देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बळाने प्रेम कर. त्याच्यापुढे लगोलग येतं ते हे की हे शब्द मुलांना शिकव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोल, ते हातावर बांध, दाराच्या चौकटीवर लिही. म्हणजे आधी प्रेम सांगितलं आणि मग त्या प्रेमाने दिवसभर काय करायचं ते सांगितलं. आमच्या दाराच्या उजव्या बाजूला मेझुझा आहे, त्यात हाच मजकूर चर्मपत्रावर लिहिलेला असतो. घरात येता-जाता त्याला बोटं लावून ओठांना लावायची. माझ्या सासूबाई भाजीची पिशवी हातात असली तरी ती खाली ठेवून हे करायच्या. त्यात मला भय कधी दिसलं नाही.

संध्याकाळच्या तफिलामध्ये, म्हणजे प्रार्थनेत, शेमाच्या आधी 'अहावाथ ओलाम' म्हणतात. तू आपल्या लोकांवर सर्वकाळच्या प्रीतीने प्रेम केलंस आणि तोरा, आज्ञा, विधी, नियम आम्हांला शिकवलेस, असा त्याचा आशय. देवाने प्रेम केलं याचा पुरावा काय, तर त्याने नियम दिले! बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पालक पाहिल्यावर मला ते अगदी सरळ वाटतं. ज्या मुलाने कसं वागावं, काय खावं, कधी निजावं याची घरात कोणालाच फिकीर नसते, त्या मुलाला कोणी मोकळं, भाग्यवान म्हणत नाही.

धर्मात भय नाही असं मी म्हणत नाही. आमच्याकडे देवाचं भयही सांगितलं आहे, आणि योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी उपाशीपोटी उभं राहून ज्याने आपला हिशोब मांडला आहे त्याला ते ठाऊक आहे. पण आमच्या शास्त्र्यांनी त्याची पायरी नेमून दिली आहे. 'पिर्के आवोथ' या जुन्या वचनसंग्रहात सोखोचा अंतिगोनोस सांगतो की बक्षिसासाठी धन्याची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये होऊन गेलेल्या मोशे बेन मैमोन यांनी, ज्यांना आम्ही रांबाम म्हणतो, पश्चात्तापाच्या नियमांच्या शेवटच्या अध्यायात लिहिलं आहे की शाप टाळायला किंवा आशीर्वाद मिळवायला आज्ञा पाळणं ही सुरुवातीची रीत, लहानांना शिकवताना वापरायची. शेवटी पोचायचं ते प्रीतीने पाळण्यापाशी. आणि त्यांच्याही कितीतरी आधी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकिवा होऊन गेले. रोमन लोक लोखंडी कंगव्यांनी त्यांचं मांस ओरबाडत होते तेव्हा शेमाची वेळ झाली आणि ते शेमा म्हणू लागले. शिष्यांनी विचारलं, इथवर? ते म्हणाले, 'पूर्ण जिवाने' या वचनाची मला जन्मभर चिंता होती, ते कधी पाळायला मिळेल म्हणून. भयाने बांधलेला माणूस असं बोलत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे समजायला अवघड जाऊ नये. एकादशी पाळणारा, गळ्यात माळ असलेला वारकरी मांसमच्छी खात नाही. कोणी बळजबरी केली म्हणून नव्हे, तर तो विठोबाचा झाला म्हणून. आमचंही तसंच आहे.

आता इतिहासाकडे येते, कारण लेखातलं मत खोडायला आमच्या पूर्वजांइतका मोठा साक्षीदार नाही. आमची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ, सामान सगळं समुद्रात गेलं. हे लोक कोकणातल्या गावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, गावांची नावं आडनावं म्हणून लावू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, दिवेकर. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

मला लेखकाला विचारायचं आहे की या तेल्यांना कोणाची भीती होती? शेकडो वर्षं त्यांच्याकडे तोराचा ग्रंथ नव्हता. रब्बी नव्हता. दंड करणारं न्यायालय नव्हतं. शेजारपाजारी दुसरे यहुदी नव्हते की जे नावं ठेवतील. शनिवारी घाणा चालवला असता तर आठवड्याला एका दिवसाचं तेल जास्त विकलं गेलं असतं, आणि कोणी 'का' म्हणून विचारलं नसतं. तरी त्यांनी बैल सोडून ठेवले. प्रार्थना विसरले, भाषा विसरले, सणांची मूळ नावं विसरून 'नव्याचा सण', 'बिरड्याचा सण' म्हणू लागले, पण शनिवार सुटला नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची सुटली नाही, खवलं नसलेला मासा घरात आला नाही, आणि शेमाची ती एक ओळ ओठांवर राहिली. ती एकच ओळ ते लग्नातही म्हणत आणि मयतालाही म्हणत. देवाशी बोलायला दुसरं काही जवळ नव्हतं. याला भक्ती म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पुढे दाविद राहाबी हे बाहेरचे यहुदी कोकणात आले तेव्हा त्यांनी आमच्या बायकांपुढे वेगवेगळ्या जातींचे मासे ठेवले, अशी आठवण घराघरांत सांगतात. बायकांनी खवलं आणि पर असलेले मासे वेगळे काढले, आणि राहाबींची खात्री पटली की हे आपले लोक. मग त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काझी, म्हणजे धार्मिक विधी चालवणारे, केलं. मला या गोष्टीत आवडतं ते हे की परीक्षा पुरुषांची झाली नाही, पोथीची झाली नाही. स्वयंपाक करणाऱ्या बायकांची झाली आणि त्या उतरल्या.

ओलाव्याबद्दल म्हणाल, तर समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधलं त्याचं नाव शाआर हाराहामीम, दयेचं द्वार. आमचे जुने लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठी माणसांसाठी हिब्रूचं व्याकरण काढलं. अमेरिकन मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, बायबलचं मराठी भाषांतर हाती दिलं. धर्मांतर व्हावं ही त्यांची इच्छा होती. आमच्या लोकांनी ते पुस्तक घेतलं, त्यात आपल्याच बापजाद्यांची हकिकत वाचली आणि तोराशी अधिकच घट्ट झाले. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हागादा, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, छापली गेली; तिच्या चित्रांत बायका लुगडी नेसून सणाची तयारी करताना दिसतात. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. आणि १८८० च्या सुमारास आमच्या लोकांनी चक्क कीर्तनं सुरू केली, नारदीय पद्धतीची, साकी-दिंडीसकट, आब्राहाम आणि योसेफ यांच्या आख्यानांवर. माझ्या आजीला त्यातली कितीतरी पदं तोंडपाठ होती, रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणायची आणि डोळे पुसायची. संतांच्या भूमीतला ओलावा आमच्यात उतरला नाही, असं लिहिताना याची चौकशी व्हायला हवी होती.

माझ्या स्वतःच्या पाळण्याचं थोडं सांगते. शुक्रवारी दुपारपासून घर घाईत असतं. मनुका भिजवून, कुस्करून, गाळून किद्दुशचं, म्हणजे शनिवारच्या स्वागताच्या आशीर्वादाचं, सरबत करायचं, कारण आमच्याकडे द्राक्षारसाच्या जागी तेच घेतात. कालवण मासळीचं असो वा मटणाचं, नारळाच्या दुधातलं. मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही, आणि कोकणात जन्म झाल्याने ती अडचण कधी जाणवली नाही. काचेच्या टांगत्या दिव्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल, आणि सूर्य बुडायच्या आत वात लावायची. मग डोळ्यांवर हात धरून बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना. त्यानंतर शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही, लिहायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. गावातली कोळीण मावशी अजून मला हाक मारते, "बाई, आज रावस आलाय, तुमचा खवल्याचा." कोलंबी आणि चिंबोऱ्यांची टोपली ती माझ्या दाराशी उतरवतच नाही. तोरा पाळायला मला जितकी माझ्या माणसांची मदत झाली, तितकीच तिच्यासारख्यांची झाली आहे.

नोकरीत शनिवार अवघड होता, कारण शनिवारी सकाळची शाळा असे. रजा किती घेणार? तेव्हाच्या मुख्याध्यापकांना मी सगळं समजावून सांगितलं. ते स्वतः माळकरी होते, त्यांनी मार्ग काढला. शनिवारी मी चालत शाळेत जाई, हजेरी शेजारच्या वर्गाचे गुरुजी मांडत, आणि मी खडू हातात न घेता तोंडी पाठ घेई, म्हणजे कविता, गोष्टी, म्हणी, पाढे. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पूर्ण पाळणं याला म्हणत नाहीत हे मला माहीत होतं. पण माझ्या हातात होतं तेवढं मी देवाला दिलं, आणि मुलांच्या कविता चांगल्या पाठ झाल्या. त्यातल्या काही जणांना आज नातवंडं आहेत, आणि ते विद्यार्थी रस्त्यात भेटले की शनिवारच्या गोष्टींचीच आठवण काढतात.

इथवर जे लिहिलं ते एकट्याने करता येतं. आता लेखातल्या दुसऱ्या मताकडे वळते, कारण माझ्या मनाला ते जास्त लागलं.

तोरा एकट्याने पूर्ण पाळता येत नाही. 'पिर्के आवोथ'मध्ये म्हटलं आहे की दहा जण तोराचा अभ्यास करत बसले तर त्यांच्यामध्ये देवाचं सान्निध्य असतं. मग पाच, तीन, दोन, आणि एकटा बसला असेल तरीसुद्धा असतं. हा मोठा दिलासा आहे. पण सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, हेखाल या पवित्र कपाटातून बाहेर काढून वाचायचा, किंवा गेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणायचा, तर दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. सदोम शहर वाचावं म्हणून आब्राहाम देवाशी घासाघीस करत गेला तोही दहा नीतिमान माणसांवर येऊन थांबला. माणसांची गणती करायची नाही असा संकेत आहे, म्हणून डोकी न मोजता दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, स्तोत्रसंहितेतलं, 'आपल्या लोकांना तार, आपल्या वतनाला आशीर्वाद दे' या अर्थाचं, एकेका माणसाला एकेक शब्द. आमच्या बाजूच्या सिनेगॉगांत कितीतरी शनिवारी ते वचन सातव्या-आठव्या शब्दाशी थांबतं. उरलेले शब्द ठाणे, मुंबई, पुणे आणि इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना, लोद इथे आहेत.

माझे यजमान गेले त्याच्या पहिल्या वर्षदिनी असंच झालं. कद्दीशमध्ये मरणाचा उल्लेखही नाही. त्यात फक्त देवाच्या नावाची थोरवी आहे, आणि ती म्हणणाऱ्याला बाकीचे उत्तर देतात की त्याचं महान नाव सदासर्वकाळ धन्य असो. उत्तर द्यायला माणसं नसतील तर तोंड मिटून बसायचं. मुलगा इस्रायलहून आला होता. आमचे आठच पुरुष जमत होते. मी ठाण्यात एका ओळखीच्या बाईंना फोन केला. वर्षदिन गुरुवारी होता, कामाचा दिवस. तरी तिथून चौघे जण पहाटे निघून आले. त्यातल्या दोघांनी माझ्या यजमानांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. सकाळची तफिला झाली, गुरुवार असल्याने तोरा वाचला गेला, माझ्या मुलाने कद्दीश म्हटला आणि त्याला भरघोस उत्तर मिळालं. मग आमच्यात रीत आहे त्याप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि बोटं ओठांना लावली. घरी मलिदा केला होता, पोहे, गूळ, खोबरं, वेलची, फळं. एलियाहू हन्नाबींची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आठवण केली आणि खाल्लं. दुपारी ते चौघे परत कामावर गेले. मी बाई माणूस, दहांत माझी गणती होत नाही. पण त्या दिवशी दहा पुरे करण्याचं काम माझ्याकडून झालं याचा मला आनंद आहे. देवावर प्रेम कर आणि शेजाऱ्यावर प्रेम कर, या दोन आज्ञा वेगवेगळ्या ग्रंथांत असल्या तरी त्या गुरुवारी मला त्या एकत्र पाळल्या जाताना दिसल्या.

ही सोबत आम्हांला आयती मिळालेली नाही. इस्रायलमध्ये गेलेल्या आमच्या लोकांच्या इतर यहुद्यांशी लग्नाच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी करावी असं तिथल्या मुख्य रब्बींनी १९६२ मध्ये ठरवलं, तेव्हा ज्यांनी ग्रंथाविना शनिवार सांभाळला त्यांच्याच नातवंडांना आपलं यहुदीपण सिद्ध करायला सांगितलं गेलं. जेरुसलेममध्ये आमच्या लोकांनी धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि मग रब्बींनाही आपला आदेश बदलावा लागला. त्या काळात आमच्या घरी रोज चर्चा चाले. वडील म्हणत, त्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं तरी आपण शनिवार सोडायचा नाही, शनिवार त्यांनी दिलेला नाही. मी ते वाक्य धरून ठेवलं आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली आम्हांला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याबद्दल कृतज्ञता आहे. वास्तूंची डागडुजी व्हावी, रस्त्यांवर पाट्या लागाव्यात, हेही हवं. पण वारसा म्हणून जपलेलं सिनेगॉग आणि दहा माणसांचं सिनेगॉग यांत मला दुसरं हवं आहे, मग त्याचा गिलावा पडलेला का असेना.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे एक विनंती. मुंबई, ठाणे, पुणे आणि अहमदाबाद इथे राहणाऱ्या, आडनावात कोकणातलं गाव घेऊन फिरणाऱ्या आमच्या बांधवांनी वर्षातला एखादा शब्बाथ आपापल्या मूळ गावाच्या सिनेगॉगला द्यावा. किहीमकरांनी, रोहेकरांनी, पेणकरांनी, अष्टमकरांनी. हिब्रू नीट वाचता येत नाही म्हणून संकोच करू नये. शेमा येतो ना, तेवढा पुरे, बाकी हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हणतील आणि तुम्ही 'अमेन' म्हणा. ज्यांना शनिवार जमत नसेल त्यांनी सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी यावं, त्याही दिवशी तोरा वाचतात. इतर धर्मांच्या वाचकांनीही अवश्य यावं. पुरुषांनी डोकं झाकावं, शनिवारी छायाचित्रं घेऊ नयेत, आणि मागच्या बाकावर बसून ऐकावं. नंतर आम्ही चहाला नेऊ, पण शनिवारी तो तारे दिसल्यावर.

शब्बाथसाठी येणाऱ्यांनी शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पोचायला हवं आणि शनिवारी रात्रीपर्यंत मुक्काम करायला हवा, कारण मधे प्रवास नाही. राहण्याची सोय आमच्या घरांत होते. माझ्याकडे माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, सिनेगॉगला चालत जाता येतं, जिने चढवत नसतील त्यांची पथारी खाली घालता येईल. फक्त बुधवारपर्यंत कळवावं, म्हणजे मनुका आणि मासळी यांची बेगमी करता येईल. पत्ता आणि फोन सिनेगॉगच्या दारावरच्या पाटीवर आहेत.

आपली,
एक बेने इस्रायल वाचक
(निवृत्त शिक्षिका), ता. अलिबाग, जि. रायगड